चावीवाल्याची रजा

रजेचा अर्ज अजून खिशातच आहे.
'कारण' या रकान्यात काय लिहावं ते ठरत नाही.
'कौटुंबिक' म्हणावं तर कुटुंब येत नाही,
'वैद्यकीय' म्हणावं तर गुडघा खरंच दुखतोय,
आणि त्यावर औषध म्हणून कोणी डोंगर चढत नाही.

एकतीस वर्षं भांडुपच्या चढावर
मी लोखंडी चावी फिरवतोय.
पहाटे चार चाळीस, साडेसतरा आटे,
मग वरच्या चाळीतून कोणीतरी ओरडतं, "आलं!"
कुठून आलं, ते मला
कचेरीतल्या नकाशावरच्या निळ्या डागाएवढंच ठाऊक.

तर त्या तळ्यावर जायचं ठरलंय.
मी, इस्माईल तुंगेकर आणि जोसेफ गोन्साल्विस.
काठावर वनखात्याचं उद्यान आहे,
पावती फाडली की तंबू टाकू देतात.
शेकोटी चालते, गाणी चालत नाहीत.
जोसेफ म्हणाला, इस्माईलची काळजी नको,
तो गातो त्याला गाणं कोण म्हणतंय?

बैठक पंपघराच्या ओट्यावर,
यादी जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूला.
तांदूळ इस्माईलचे, सुका जवळा जोसेफचा,
कांदे माझ्याकडे, कारण कांद्यावरून मागे एकदा
दोघं आठ महिने बोलत नव्हते.
बिबट्याचं नाव कोणी काढलं नाही;
फक्त प्रत्येकाने आपापली बॅटरी
दोनदा लावून पाहिली, भर दुपारी.

पायवाट सात किलोमीटर. मध्ये पाणी नाही.
म्हणजे माणशी चार लिटर,
असं लिहिलं आणि माझा हातच थांबला.
तळ्याकडे पाणी न्यायचं, तेही खांद्यावरून!
इस्माईल हसता हसता ओट्यावरून घसरला.
"परत करायला निघालो म्हणून सांगू," म्हणाला,
"उरलेलं हप्त्याहप्त्याने."

तंबू भाच्याचा. पिशवीवर 'तिघांसाठी' लिहिलंय,
तिघं म्हणजे भाच्याच्या अंगाचे.
शनिवारी गच्चीवर उभारून पाहिला, टाकीशेजारी.
खुंट्या सिमेंटात शिरेनात,
म्हणून दोऱ्या कुंड्यांना बांधल्या.
कढीपत्ता वाकला जरासा.
रात्री तिथेच आडवा झालो, सराव म्हणून.
पाठीखाली गच्चीची धग, कापडाबाहेर
कुणाचा तरी टीव्ही, कुणाचं तरी भांडण.

पहाटे टाकीत धार पडू लागली.
चावीवर बदलीचा पोरगा होता;
आवाजावरूनच कळलं, अर्धा आटा कमी दिला त्याने.
मी मनातल्या मनात त्याला शिवी घालत होतो
तेवढ्यात तंबूची चेन सरकली.
कुमुद. हातात चहा.
वाकून आत आली, बसली,
आणि बराच वेळ ती धार ऐकत राहिली.

"तुम्ही चावी लावायला उठता
आणि मी बादली लावायला.
एकदा बघू दे ना मला,
उठवतं कोण ते."

मी म्हटलं, सात किलोमीटर आहे.
ती म्हणाली, टाकी बसायच्या आधी
चौथ्या मजल्यावर किती बादल्या चढवल्या
त्याचे किलोमीटर करा आधी.

मला ते गणित आलं नाही.

आता यादी पुन्हा मांडलीय. सोळा लिटर.
दुसरा तंबू कुठून आणायचा ते बघायचंय.
इस्माईल नाराज आहे, वहिनींसमोर
गाता येणार नाही म्हणून; जोसेफ देवाचे आभार मानतोय.
अर्जावर 'कौटुंबिक' लिहून टाकलं.

कुमुदच्या मापाचे बूट कुठेच मिळाले नाहीत.
शेवटी लहान मुलांच्या दुकानात सापडले,
टाचेला लाल दिवे लागणारे.
संध्याकाळपासून ती जिन्यात सराव करतेय,
चौथ्यावरून खाली, खालून चौथ्यावर,
पावलागणिक लुकलुकत,
हात दोन्ही रिकामे.